छपरावर छप्पर

३ सप्टेंबर, मंगळवार

आज ग्लेनला फोनवर शब्द देऊन बसले. दिलेला शब्द कागदावर असलेला बरा, म्हणून ही वही काढली. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होताना आणलेली कोरी हजेरीवही आहे. रकाने आयतेच आखलेले.

शब्द असा: यंदाच्या हिवाळ्यात छतातून एक जरी थेंब पडला, तर वसंतात मी हे घर विकून ग्रीन बे शहरात जाईन, त्याच्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत. "कटकट न करता, आई," असंही त्यानं कबूल करून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात मी पाच ठिकाणी भांडी लावली होती. फेब्रुवारीत तो आला, तर झोपेत त्याच्या कपाळावरच थेंब पडला. बाहेर कमरेएवढं बर्फ, पावसाचं नाव नाही, आणि घरात छत गळतंय. ग्लेनचं म्हणणं, छप्पर फुटलंय. फुटलेलं नाही. घरातली वाफ वर जाते, थंडगार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन खाली येते. बटाटे उकडताना झाकणाला आतून काय होतं? तेच. एकतीस वर्षं मी शाळेतल्या पोरांचं जेवण रांधलं. झाकणाखालची वाफ मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा उपाय सोपा आहे. जुन्या पत्र्यावर फोमच्या लाद्या, त्यांवर लाकडी रिपा, रिपांवर नवा पत्रा. वरचा पत्रा गारठेना का, खालच्या घराशी त्याचा संबंध उरणार नाही. घर कारखान्यात बनून चाकांवर आलेलं, चौदा फूट रुंद आणि सहासष्ट फूट लांब. छप्पर कासवाच्या पाठीसारखं जरासं फुगीर, चढायला शिडीच्या आठच पायऱ्या. बर्फाला सात आठवडे आहेत. होऊन जाईल.

५ सप्टेंबर

वखारीत गेले. वखारवाल्या रूडीनं यादी वाचली आणि विचारलं, "काम कोण करणार?"

"मी."

"लेम्पी, तू चौसष्ट वर्षांची आहेस."

"मग? छप्पर वय विचारतं का?"

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली. "सायमाला विचार. या भागातल्या निम्म्या छपरांचं सामान तिच्या हातून गेलंय."

सायमा म्हणजे माझी नणंद. माझ्या आर्वोची थोरली बहीण, एकाहत्तर वर्षांची, लग्न न केलेली. चौतीस वर्षं याच वखारीच्या गल्ल्यामागे उभी होती, आणि चाळीस वर्षं माझ्या डोक्यावर बसली आहे. आर्वो माझ्यासाठी शेतावरचं घर सोडून आला, हे तिनं कधी माफ केलं नाही. दोन वर्षांपूर्वी आर्वोच्या दफनानंतर चर्चमध्ये कॉफी झाली, तेव्हाचं आमचं शेवटचं बोलणं. तेही साखरेबद्दल.

विचारायचं नाही असं ठरवून घरी आले.

८ सप्टेंबर, रविवार

विचारलं. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत, म्हणजे तिला नाही म्हणायला जड जावं.

ती म्हणाली, "त्या डब्याला छप्पर? झाकण म्हण."

माझ्या घराला ती पहिल्या दिवसापासून डबा म्हणते.  मग तिनंच विचारलं, "किती इंची फोम?"

"एक इंच."

"त्यापेक्षा वर गोधडी अंथर. चार इंच पाहिजे. दोन-दोन इंचांचे दोन थर. आणि वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. एवढं तरी कळतं ना?"

हे सगळं बोलताना तिची नजर माझ्या कानावरून मागच्या सूचनाफलकावर. इतकी घमेंड, की बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. आणि हल्ली चर्चला शेजाऱ्यांच्या गाडीतून येते. स्वतःची गाडी अंगणात ठेवून पेट्रोल वाचवते. आर्वो म्हणायचाच, सायमा दमडी सोडायची नाही.

पण येते म्हणाली.

१६ सप्टेंबर

सामान आलं. रूडीच्या ट्रकमध्ये पुढे राणीसारखी सायमा बसलेली. मी पुढच्या चाळीस फुटांपुरत्याच लाद्या मागवल्या होत्या, कारण मागची खोली, म्हणजे ग्लेनची, मी हिवाळ्यात बंदच ठेवते. ट्रकमधून उतरल्या त्या सबंध घराच्या.

"ह्या कुणी मागवल्या?"

"मी. वखारीत पडून होत्या."

"सायमा, मला दान नको."

"दान कसलं? अर्धं छप्पर केलंस तर लोक म्हणतील, सायमाची भावजय अर्धवट आहे. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

मागच्या खोलीत जाऊन तिनं भिंतीवरून हात फिरवला, खिडकीच्या चौकटीत बोटं घातली, पलंगावर बसून पाहिलं. "ह्या खोलीला सकाळचं ऊन येतं," म्हणाली. येतं खरं. पण त्याचा छपराशी काय संबंध?

परत जाताना तिला चौदा मैलांवर घरी मलाच सोडून यावं लागलं.

२० सप्टेंबर

आज वर चढलो. पत्र्याखाली दर दोन फुटांवर वासा आहे. पाय द्यायचा तो वाशावरच, मधे दिला तर खाली. सायमा गुडघ्यांवर रांगत हातोडीच्या दांड्यानं पत्रा ठोकत गेली. पोकळ, पोकळ, पोकळ, मग एकदम भरीव. "इथे," म्हणायची, की मी खडूनं रेघ ओढायची. तेहेतीस वासे तिनं नुसत्या आवाजावर शोधून दिले. मला तर हा निव्वळ भाव खाण्याचा प्रकार वाटला, कारण पत्र्याच्या खिळ्यांच्या ओळी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण बोलले नाही. फुकटचा कामगार आहे.

टेप मात्र प्रत्येक वेळी मलाच वाचायला लावते. "चष्मा घरी राहिला." हे तिसऱ्यांदा. म्हातारी विसरभोळी होत चालली आहे.

माझा वेलदोड्याचा पाव तिला कोरडा लागला. तीन तुकडे खाल्ले.

२८ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस पाऊस. आज उघडीप मिळाली आणि पुढच्या वीस फुटांवर दोन्ही थर झाले. शेगडीच्या धुराड्याभोवती सायमानं फोम अडवला. तिथे पत्र्याची गोल कड करायला लावली आणि धुराडं दोन फूट उंच करून घेतलं. "फोमला आच लागली तर छप्पर नको, अग्निशमनवाले बोलवावे लागतील."

शनिवार, म्हणून फिनिश रिवाजाप्रमाणे काम संपल्यावर सॉना, म्हणजे अंगणातली वाफेची खोली, तापवली. नणंद-भावजय एका बाकावर, घामानं निथळत.  मग ती आपणहून म्हणाली, "हे घर घ्यायच्या आधी आर्वो वखारीत आला होता. माझ्याकडे, सगळ्यात आधी. छापील पत्रकात ह्या घराचं चित्र होतं. मला दाखवून विचारलं, कसं आहे."

"मग?"

"मी म्हटलं, डबा आहे. त्यानं पत्रकाची घडी केली आणि खिशात ठेवली. पुन्हा मला काही दाखवायला आला नाही."

 तापलेल्या दगडांवर एक पळीभर पाणी ओतलं. वाफ झाली, तेवढीच सोय.

४ ऑक्टोबर

वाईट दिवस.

मागच्या खोलीवर लाद्या टाकत होतो. सायमा लादी घेऊन आडवी चालत होती. खडूची रेघ ढळढळीत समोर, आणि तिनं पाय दिला तो बरोबर दोन वाशांच्या मधे. जुना पत्रा गंजलेला होता. मांडीपर्यंत आत गेली.

मी शिडीवरून उतरून घरात धावले. ग्लेनच्या खोलीत छतातून लोकरी मोजा घातलेला एक पाय लोंबत होता, आणि पलंगावर छतात उबेसाठी भरलेली काचलोकर, भिजलेली, उंदरांची घरटी आणि छताचा चुरा. पहिल्यांदा मला हसूच आलं. मग मोज्यावर रक्त दिसलं.

वर जाऊन तिला ओढून काढलं. जखम लांब होती पण खोल नव्हती. धुऊन बांधली.  आणि भीती गेली की माणसाला राग येतो, तसा मला आला.

"एवढी जाड रेघ काढून ठेवली आहे. आंधळी आहेस का?"

सायमानं पट्टीवरचा माझा हात बाजूला केला. ती म्हणाली, "मला घरी सोड."

चौदा मैल ती खिडकीबाहेर तोंड करून बसली. उतरताना दाराची कडी चाचपत राहिली, मी आतून उघडून दिली. एवढ्याशा बोलण्याचा एवढा राग? तिनं मला चाळीस वर्षांत काय काय म्हटलंय त्याचा हिशोब मी कधी मांडला नाही.

१२ ऑक्टोबर

आठवडाभर एकटीच करते आहे, आणि सांगायला हरकत नाही, झकास चाललं आहे. छताचं भोक आतून प्लायवूडनं बंद केलं, वरून पत्र्याचा तुकडा ठोकला. दुसरा थर पुरा झाला. न्हाणीघरावर एक टिनाची टोपी होती, अळंबीसारखी, गंजून गेलेली. तिच्यामुळे लादी सपाट बसेना. दोन हातोड्यांत चेपून टाकली. सायमा असती तर अर्धा तास त्यावर प्रवचन झालं असतं.

ग्लेनचा फोन होता. "एकटीच चढतेस वर?"

"सोबत आहे की."

"कोण?"

"हातोडी."

तो हसला नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

खरं लिहायचं तर खरं लिहायचं.

तीन दिवस रिपा ठोकते आहे. रिपेतून, चार इंच फोममधून, जुन्या पत्र्यातून खाली वाशापर्यंत जाणारे सहा-सहा इंचांचे स्क्रू. लाद्यांखाली खडूच्या रेघा झाकल्या गेल्या, पण दोन फुटांचा हिशोब मला येतो, म्हणून मोजत गेले. ड्रिल फिरतं, स्क्रू आत जातो, पुढचा घ्यायचा. आज सकाळी वारा सुटला आणि एक रीप खडखडली. हातानं ओढून पाहिली, तर स्क्रूंसकट वर आली. सोळाच्या सोळा स्क्रू हवेत. दुसरी ओढली, तीही तशीच. सुरुवातीलाच चार बोटं चुकले असेन आणि तीच चूक मोजत मोजत पुढे नेली.

यावर पत्रा ठोकला असता तर नोव्हेंबरच्या पहिल्या वादळात छप्पर उडून जवळच्या तळ्यात पडलं असतं.

आज पहिली भुरभुर झाली. रेडिओवर म्हणतात, पुढच्या शनिवार-रविवारी खरं बर्फ येणार. छपरावर बसून रडले. लिहायला काय हरकत आहे, वही माझीच आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सायमाकडे गेले. माफी मागायला नाही. वासे शोधून घ्यायला. वाटेत ठरवलं, की मागावीच लागली तर थोडीशी मागू.

अंगणात तिची गाडी होती, डावी बाजू पुढून मागपर्यंत खरवडलेली. फाटकाजवळ पत्रांच्या पेटीचा खांब आडवा. लाकडाचे ओंडकेच्या ओंडके पडलेले, एकही फोडलेला नाही. ऑक्टोबर संपत आला आणि सायमाच्या दारात फोडलेली लाकडं नाहीत, हे मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात होती. "कोण?" म्हणाली. दार उघडं, मी चार पावलांवर उजेडात उभी.

"कोण म्हणजे? मी."

"हं. आवाजाशिवाय येतेस. पूर्वी एवढी सभ्य नव्हतीस."

कॉफीसाठी तिनं फळीवरचे डबे बोटांनी चाचपले. एका डब्याला एक रबर गुंडाळलेलं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. दोन रबरांचा काढला, वास घेतला, मग कॉफी घातली. पेल्यात ओतताना एक बोट कडेवरून आत धरलं आणि कॉफी बोटाला लागल्यावर थांबली. टेबलावर न फोडलेल्या पत्रांचा ढीग.

मी खुर्चीवर बसले. 

"सायमा, केव्हापासून?"

ती माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत होती. पूर्वीसारखीच. मग म्हणाली, "दीड वर्ष. समोर बघितलं की मधोमध धूर. कडेकडेचं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर भिंतीकडे बघावं लागतं. आता आलीच आहेस तर ती पत्रं वाच. रूडीला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं."

वाचली. डोळ्यांच्या डॉक्टरची दोन, गाडीच्या परवान्याच्या कचेरीचं एक. डॉक्टरनं लिहिलं होतं, की हे बरं होणारं नाही, जपून राहा, एकटीनं राहू नका. कचेरीनं लिहिलं होतं, की परवाना आता मिळणार नाही. मी मोठ्यानं वाचत होते आणि ती बाजारभाव ऐकावा तशी ऐकत होती. तिला सगळं ठाऊकच होतं. फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

"त्या दिवशी मी तुला आंधळी म्हटलं," मी म्हणाले.

"आंधळीला आंधळी म्हटलंस. त्यात चूक नव्हती. पण डॉक्टरसुद्धा तो शब्द वापरत नाहीत, तू एकदम वापरलास."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणूनच तर बरं चाललं होतं." तिनं पेला खाली ठेवला, टेबलाची कड आधी चाचपून. "रिपा चुकल्या ना?"

"तुला कसं कळलं?"

"सहज भेटायला तू चौदा मैल येणाऱ्यातली नाहीस."

मग सगळं सांगितलं. ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "डोळस बाईनं सोळाच्या सोळा चुकवले," म्हणाली. मीही हसले, कारण ते खरंच होतं.

२१ ऑक्टोबर

सायमा इथेच राहिली आहे, काम संपेपर्यंत. वर चढायचं नाही असं मी बजावलं. ती म्हणाली, तिला वर चढायची गरजच नाही.

पद्धत तिनं काढली. ती घरात, हातात झाडू. छताला खालून दांड्यानं ठोकत जाते, वासा सापडला की तिथेच तीन ठोके देते. मी वर त्या आवाजावर कान ठेवून स्क्रू लावते. स्क्रू वाशात शिरला की आवाज जड होतो, म्हणे. मला वर कळत नाही, तिला खाली कळतं.

"लागला," खालून ओरडते.

पुढचा. "लागला."

पुढचा. "हवेत. काढ. बोटभर माझ्याकडे घे."

"तुझ्याकडे म्हणजे कुठे? मला तू दिसत नाहीस."

"मग आता कळलं कसं वाटतं ते. शेगडीकडे घे."

दिवसभर ती छताखालून आणि मी छपरावरून भांडत होतो. रस्त्यानं जाणाऱ्या टपालवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, सगळं ठीक आहे ना. दोनशे चाळीस स्क्रू लागले. रीप ओढून पाहिली. घर हललं, रीप नाही.

२५ ऑक्टोबर

तीन दिवस पत्रे. सोळा फुटी, गडद हिरवे, कासवाच्या पाठीवरून ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत वाकवून बसवायचे. पत्रा वाऱ्यात धरणं माझं एकटीचं काम नव्हे, म्हणून रूडी रोज दुपारी आला. सायमाबद्दल त्याला काही सांगितलं नाही. पण आज जाताना त्यानं तिचा हात धरून तिला पायरी उतरवलं आणि म्हणाला, "सायमा, माझ्या ट्रकची तुला सवय झाली आहे. हाक मारत जा." म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्याशिवाय सगळ्यांना दिसत होतं म्हणायचं.

शेवटचा स्क्रू साडेचार वाजता.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बर्फ आलं. सकाळपासून आठ इंच. शेजारच्या घरांच्या कडांना दुपारपर्यंत बर्फाचे लोलक लटकले, आमच्या कडा साफ. बर्फ छपरावर जसंच्या तसं, खालून एक कणही वितळलेला नाही. याचा अर्थ उष्णता घरातच आहे. रस्त्यावर उभी राहून पाच मिनिटं बघत होते. लोकांनी बघावं अशीही इच्छा होती, पण बर्फात कोण फिरतंय.

२ नोव्हेंबर

काम संपलं, म्हणून सायमानं पिशवी भरली. मी गाडीची किल्ली घेतली, परत खुंटीला लावली.

"हिवाळ्यापुरती राहा."

"मी? डब्यात?"

"झाकण तुझ्याच पसंतीचं आहे."

ती खिडकीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे. "लेम्पी, हिवाळ्यापुरतं काही नसतं. डोळे उन्हाळ्यात परत येत नाहीत."

"मग उन्हाळ्यातही राहा. मला काय, टेप मीच वाचते."

तिनं पिशवी पुन्हा खाली ठेवली. शेवटी म्हणाली, "मागच्या खोलीत राहीन. तिथे सकाळचं ऊन येतं, ते मला कडेनं दिसतं. आणि पाव मी करणार. तुझा कोरडा होतो."

मागच्या खोलीच्या लाद्या तिनं सप्टेंबरातच का मागवल्या, ते मला आत्ता, हे लिहिताना कळतं आहे. म्हणजे चर्चच्या पायऱ्यांवर मी मदत मागत होते तेव्हा तीही मागतच होती. तिची मागायची रीत तेवढी वाईट.

१५ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सकाळपासून रानात बार वाजतायत. सायमा आवाजावरून सांगते कोण चुकलं. तिचा पाव मऊ झाला. कबूल केलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

शून्याखाली अठरा. काल न्हाणीत दोघींनी डोकी धुतली आणि आज सकाळी न्हाणीघराबाहेरच्या बोळात टप्प असा आवाज झाला.

मी वाटी घेऊन धावले. दुसरा थेंब वाटीत पडला.  एवढं सगळं करून?

सायमानं मला बाजूला सारलं, खुर्चीवर चढली आणि छतावरून तळहात फिरवत गेली. बोळातून न्हाणीघरात, तिथून पंख्याच्या जाळीपाशी. "इथून ओलं सुरू होतं. हा पंखा वाफ कुठे सोडतो?"

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

आणि मला ती टिनाची टोपी आठवली. पंख्याच्या नळीचं तोंडच होतं ते. मी ते चेपून वर चार इंच फोम घातला होता. आठ आठवडे न्हाणीतली सगळी वाफ आम्ही छपराच्या पोटात भरत होतो. सांगितलं. वाटलं, आता प्रवचन. ती फक्त म्हणाली, "कात्री आण, आणि नळीचा तुकडा."

दुपारपर्यंत पंखा काढला, वरचं भोक काचलोकर आणि चिकटपट्टीनं बंद केलं, नळी वळवून भिंतीतून बाहेर काढली. भिंतीला भोक मी पाडलं. नळी जोडली तिनं, कारण सांध्यातून हवा निसटते का ते बोटांना जास्त कळतं. मग पंखा परत बसवला, गरम पाणी सोडून न्हाणी वाफेनं भरली आणि पंखा चालू केला. मी बाहेर गेले, तर भिंतीतून पांढरा लोट निघत होता, आगगाडीसारखा.

राहिला प्रश्न शब्दाचा.

"एक थेंब," सायमा म्हणाली. "मला तर दिसलाही नाही."

"दोन होते. आणि शब्द दिलाय."

"मग कर फोन. तुझ्या घराण्यात कुणीतरी प्रामाणिक असायला हवं होतंच."

केला. ग्लेनला सांगितलं, की दोन थेंब पडले.

तो म्हणाला, "कशामुळे?"

"माझ्यामुळे. पंख्याचं तोंड मी बंद केलं होतं. आज दुरुस्त केलं."

"तुझ्यामुळे, असं तू म्हणतेस? आई, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. शब्द शब्दच आहे, ग्लेन. वसंतात काय करायचं ते तू सांग."

तेवढ्यात मागून सायमा ओरडली, भट्टीतला पाव काढायचाय, फोनवर किती वेळ.

"सायमाआत्या आली आहे?"

"नोव्हेंबरपासून इथेच राहते. तिला दिसत नाही हल्ली. आणि मला काय काय दिसत नाही, ते ती सांगते."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू दर वेळी छताचंच विचारायचास."

 मग तो बोलला तेव्हा आवाज वेगळाच होता, लहानपणी ताप उतरल्यावर असायचा तसा. म्हणाला, वसंताचं राहू दे. थेंबांचं काय ते तुम्ही दोघी बघा. मी म्हटलं, असा शब्द मोडायची मला सवय नाही. तो म्हणाला, तू कुठे मोडतेस, मीच सोडतोय. मला त्याचं गणित कळलं नाही. थेंब तर पडले होते. पण आपल्या बाजूनं लागलेला निकाल कुणी उलगडून बघत नाही.

मग त्यानं विचारलं, "नाताळला येतो. माझी खोली गरम असते का आता?"

"चांगली गरम असते. पण ती सायमाची आहे. तू पुढे सोफ्यावर."

फोन ठेवल्यावर सायमानं विचारलं, "काय म्हणाला?"

"नाताळला येतोय. सोफ्यावर झोपेल."

"त्या सोफ्याची स्प्रिंग तुटलेली आहे ना?"

"आहे."

"बरं आहे. चार दिवसांच्या वर राहणार नाही," म्हणाली, आणि पावाचा पहिला, सगळ्यात मऊ तुकडा कापून तिनं माझ्यासमोर ठेवला. बरोबर माझ्यासमोर, टेबलावर बोटभरही इकडे-तिकडे न होता.